बारापूर्वीची ठिणगी : मस्केटसाठी केपेची निवड

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. परंतु त्यातील लढाया आजही हौशी मंडळी दरवर्षी मैदानावर नव्याने उभ्या करतात. 'रीएनॅक्टमेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगांत निळ्या आणि करड्या गणवेशातील पलटणी समोरासमोर येतात, बिगूल वाजतात, आणि ठासणीच्या मस्केटांच्या फैरींनी मैदान धुराने भरून जाते. बंदुकीत गोळी नसते, केवळ काळी दारू असते. मात्र दारू खरी असते, ज्वाळा खरी असते आणि बंदूकही खरीच असते. या साऱ्या धडाडीचा आरंभ ज्या वस्तूपासून होतो, ती प्रेक्षकांना दिसतही नाही. ती म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान अशी तांब्याची केप.

नवा हौशी सैनिक गणवेश, बूट, पट्टे यांची निवड महिनोन्महिने करतो आणि केपा मात्र दुकानात जी डबी हाती लागेल ती घेतो. केप पेटली नाही तर फार तर एक बार फुकट जाईल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. केपेचा भरवसा आणि केपेची सुरक्षितता हे दोन निरनिराळे प्रश्न नाहीत. जी केप हमखास पेटत नाही, ती सुरक्षितही नसते.

केप म्हणजे काय?

केप ही पातळ तांब्याची लहानशी टोपी असते. तिच्या तळाशी आघाताने पेटणाऱ्या संवेदनशील द्रव्याचा अगदी पातळ थर असतो. मस्केटच्या नळीच्या मागील टोकास 'निपल' नावाची पोकळ, शंकूच्या आकाराची खुंटी बसवलेली असते. केप या निपलवर घालतात. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, आतील द्रव्याचा भडका उडतो आणि ज्वाळा निपलच्या छिद्रातून नळीतील दारूपर्यंत पोहोचते. हे सर्व क्षणार्धात घडते.

त्यापूर्वीच्या चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडे, ती कान्याजवळच्या उघड्या रंजकावर झेलली जाई आणि मग बार उडे. पाऊस आला की रंजक भिजे. वारा आला की ते उडून जाई. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका पाहून पक्षी गोळी पोहोचण्याआधीच निसटतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आघाताने पेटणारी फल्मिनेट द्रव्ये वापरून त्यांनी नवी पद्धत तयार केली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. तांब्याच्या टोपीचे रूप त्यानंतर काही वर्षांनी आले. त्याच्या श्रेयावर अनेकांनी हक्क सांगितला. अमेरिकेत स्थायिक झालेले इंग्रज चित्रकार जोशुआ शॉ यांना १८२२ मध्ये तेथे पेटंट मिळाले.

ब्रिटिश सरकारने १८३४ मध्ये वुलिच येथे दोन्ही पद्धतींची तुलना केली. प्रत्येक प्रकारच्या बंदुकांतून सहा हजार बार काढण्यात आले. चकमकीच्या बंदुकीचा साधारणपणे दर सहा-सात बारांमागे एक बार फुकट गेला. नव्या पद्धतीत हे प्रमाण हजारामागे सुमारे सहा इतके खाली आले. या फरकाचा प्रत्यय १८४१ मध्ये चीनमधील कँटनजवळ आला. मुसळधार पावसात मद्रासच्या ३७व्या देशी पायदळाची एक तुकडी एकाकी पडली. शिपायांच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या होत्या. केपेच्या मस्केट असलेल्या मरीन सैनिकांच्या दोन कंपन्या पाठवून त्यांची सुटका करावी लागली.

न पेटलेल्या केपेचा धोका

केप पद्धत इतकी भरवशाची असूनही तिच्यातील उणिवेची जाणीव तत्कालीन लष्कराला होती. यादवी युद्धात संघराज्याच्या सैनिकांना मिळणाऱ्या दहा काडतुसांच्या पुडक्यात केपा दहा नव्हे, तर बारा असत. एखादी हातातून पडेल, एखादी पेटणार नाही, हे गृहीत धरलेले होते.

गेटिसबर्गच्या १८६३ मधील लढाईनंतर रणांगणावरून गोळा करून पाठवलेल्या सुमारे साडेसत्तावीस हजार मस्केटांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्या अवस्थेत होत्या. त्यांतल्याही निम्म्यांत एकावर एक असे दोन बार ठासलेले होते. अनेकांत तीन ते दहा, तर एका बंदुकीत तब्बल तेवीस बार निघाले. सैनिक घाबरले होते, काहींनी केप लावलीच नव्हती, काहींची केप पेटली नव्हती. आणि भोवतालच्या गदारोळात आपली बंदूक उडालेली नाही हे कित्येकांना उमगले नाही. ते पुढचा बार भरत राहिले.

प्रयोगाच्या मैदानावर हा धोका कमी नसतो, उलट एका अर्थी अधिकच असतो. गोळी नसल्यामुळे बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्का जवळजवळ जाणवत नाही. शेजारच्या तीस बंदुका एकदम धडाडल्या असताना आपली उडाली की नाही हे समजण्याची ही एक खूण तेथे उपलब्धच नसते. न उडालेल्या बारावर दुसरा बार ओतला की दारूचे माप दुप्पट होते. यादवी युद्धातील स्प्रिंगफील्ड रायफल-मस्केटचे मूळ माप ६० ग्रेन, म्हणजे चार ग्रॅमपेक्षा किंचित कमी होते. एन्फील्डचे अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन. तीन वेळा केप फसली आणि चौथ्यांदा पेटली, तर या मापाच्या चौपट दारूची ज्वाळा समोरच्या रांगेच्या दिशेने झेपावते.

आकार : पहिली कसोटी

केपा अनेक आकारांत मिळतात. शिकारी बंदुका आणि रिव्हॉल्व्हर यांच्यासाठी प्रामुख्याने १० आणि ११ क्रमांकाच्या लहान केपा वापरल्या जातात. ११ क्रमांकाच्या केपेचा आतील व्यास सुमारे चार मिलिमीटर असतो. लष्करी मस्केटची केप त्याहून मोठी, सुमारे सहा मिलिमीटर व्यासाची असते आणि तिच्या कडेला बाहेर वळलेल्या पाकळ्या असतात. त्यामुळे ती उंच टोपीसारखी दिसते. या पाकळ्या शोभेसाठी नाहीत. थंडीने बधिर झालेल्या किंवा घाईने थरथरणाऱ्या बोटांनाही केप नीट धरता यावी, हा त्यांचा हेतू. म्हणून १८४२ चे अमेरिकन मस्केट, १८५३ चे एन्फील्ड किंवा १८६१ चे स्प्रिंगफील्ड आणि त्यांच्या इटलीत बनणाऱ्या आजच्या प्रतिकृती यांसाठी 'मस्केट केप' असाच शब्द डबीवर पाहून खरेदी करावी.

त्यानंतर प्रत्यक्ष बंदुकीवर तपासणी करावी. केप बोटाच्या हलक्या दाबाने निपलवर शेवटपर्यंत बसली पाहिजे आणि बंदूक उलटी केली तरी पडता कामा नये. सैल केप चालताना गळून पडते. घट्ट केप त्याहून फसवी. ती अर्ध्यावरच अडकते. घोड्याचा पहिला आघात तिला केवळ खाली बसवण्यात खर्च होतो आणि ती दुसऱ्या आघाताला पेटते. भरलेल्या बंदुकीवर घट्ट केप अंगठ्याने जोर लावून दाबणे किंवा घोडा टेकवून खाली ढकलणे हा तर अपघाताला दिलेला आवतणाचा विडाच होय.

जोर आणि तुकडे

सर्वच मस्केट केपांचा जोर सारखा नसतो. काहींची ज्वाळा प्रखर असते, तर काही मुद्दाम सौम्य ठेवलेल्या असतात. काळ्या दारूला पेट घेण्यासाठी फार प्रखर ज्वाळा लागत नाही. काळ्या दारूच्या बदली वापरली जाणारी काही आधुनिक मिश्रणे मात्र उशिरा पेटतात आणि त्यांना जोरदार केप लागते. प्रयोगांत बहुधा काळी दारूच वापरली जाते. अशा वेळी गरजेपेक्षा जोरदार केप घेण्याने काही साधत नाही. उलट केप फाटून तिचे तुकडे उडण्याची शक्यता वाढते.

तांब्याचे हे तुकडे हा केपेचा दुसरा आणि अधिक उघड धोका. मस्केटचे कुलूप उजव्या बाजूस असते, त्यामुळे तुकडे मुख्यतः उजवीकडे, म्हणजे रांगेतील शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे उडतात. पेटल्यानंतर केप फुलून निपललाच चिकटून राहिली किंवा एका बाजूने चिरली, तर ती चांगली. तिच्या चिंध्या होत असतील तर ती केप किंवा ती बंदूक रांगेत नेण्याजोगी नाही. जर्मनीच्या आरडब्ल्यूएस किंवा अमेरिकेच्या सीसीआय यांसारख्या प्रस्थापित उत्पादकांच्या केपांत एकसारखेपणा असतो. तरीही प्रत्येक नवी डबी आपल्या बंदुकीवर तपासूनच पसंत करावी.

दोष केपेचा की बंदुकीचा?

नव्या डबीतील वीस-पंचवीस केपा रिकाम्या बंदुकीवर फोडून पाहाव्यात आणि निकाल लिहून ठेवावा. केप वारंवार दुसऱ्या आघाताला पेटत असेल, तर ती निपलवर पूर्ण बसत नाही. निपलचे टोक रिकाम्या आघातांनी चेपून अळंबीसारखे पसरले असेल, तरीही हेच घडते; अशा वेळी केप नव्हे, निपल बदलावी. केप पेटते पण प्रयोगात बार उडत नाही, असे होत असेल तर ज्वाळेची वाट तेलाने, काजळीने किंवा ओलाव्याने अडलेली असते. दोन-तीन आघातांनंतरही केप पेटत नसेल, तर केप दमट आहे किंवा घोड्याची कमान सैल पडली आहे, असे समजावे.

याउलट केपेच्या चिंध्या होत असतील आणि घोडा उसळून मागे जात असेल, तर निपलचे छिद्र झिजून मोठे झाले असण्याचा संभव असतो. मग नळीतील वायू मागच्या वाटेने बाहेर येतो. घोड्याच्या तोंडाला खोलगट वाटी असते. ती केपेला चोहोबाजूंनी झाकून तुकडे अडवते. घोडा निपलवर तिरका बसत असेल तर ही ढाल निकामी ठरते. निपलचे आटे स्प्रिंगफील्ड, एन्फील्ड आणि निरनिराळ्या प्रतिकृतींत सारखे नसतात. चुकीच्या आट्यांची निपल जोर लावून बसवली, तर ती दाबाने उखडून मागे उडू शकते.

जुन्या आणि घरगुती केपा नकोत

संग्राहकांकडे एकोणिसाव्या शतकातील केपांच्या डब्या आढळतात. त्या कपाटातच ठेवाव्यात. त्यांत पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट यांसारखी द्रव्ये असत. त्यांचे वागणे इतक्या काळानंतर सांगता येत नाही, आणि क्लोरेटचा अवशेष ओलावा ओढून नळीला गंज चढवतो. आजच्या नामांकित केपांत ही द्रव्ये टाळलेली असतात.

अमेरिकेत २०२० नंतर काही काळ केपांचा मोठा तुटवडा झाला आणि घरच्या घरी केपा बनवण्याच्या युक्त्यांना ऊत आला. खेळण्यातील टिकल्यांचे द्रव्यही त्यासाठी वापरले जाते. आघात, घर्षण आणि स्थिर विद्युत यांपैकी कशानेही पेटणारी ही मिश्रणे घरात हाताळणे म्हणजे बोटे आणि डोळे पणाला लावणे होय. कारखान्यांनाही हा व्यवसाय महाग पडला आहे. १३ मार्च १८६३ रोजी रिचमंडजवळील ब्राउन्स आयलंड येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफेची एक घर्षण-पेटवणी लाकडी फळीत अडकली. ती सोडवण्यासाठी एका तरुण कामगार स्त्रीने फळी मेजावर आपटली. त्यातून उडालेल्या स्फोटांत चाळीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि लहान मुली होत्या. दक्षिणेकडे तेव्हा तांब्याचीही इतकी टंचाई झाली की पुढे नॉर्थ कॅरोलायनातील टर्पेंटाइन आणि मद्याच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी केपांसाठी वितळवावी लागली. युद्धात ती निकड होती. हौशी प्रयोगात केपा मिळाल्या नाहीत, तर बंदूक न उडवता रांगेत उभे राहण्याचा पर्याय नेहमीच खुला असतो.

मैदानावरील शिस्त

चांगल्या तुकड्यांत लढाईपूर्वी प्रत्येक बंदुकीची तपासणी होते. गज नळीत सोडला की तो तळाच्या पोलादावर खणखणला पाहिजे. आवाज बद्द आला तर आत काहीतरी आहे. ही केवळ औपचारिकता नव्हे. १९९८ मध्ये गेटिसबर्गच्या १३५व्या स्मरणोत्सवात एका रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून एक सहभागी मानेत जखमी झाला होता.

तपासणीनंतर नळीचे तोंड गवताजवळ धरून दोन-तीन केपा फोडतात. गवताचे पाते हलले की ज्वाळेची वाट मोकळी आहे, असे समजते. बार भरताना दारू आधी आणि केप सर्वांत शेवटी, घोडा अर्ध्यावर ठेवून, हा क्रम कधीही मोडू नये. दुहेरी रांगेत मागील सैनिक पुढच्याच्या उजव्या खांद्यावरून नेम धरतो. त्या वेळी नळीचे तोंड पुढच्याच्या चेहऱ्याच्या बरेच पुढे आणि केप त्याच्या कानाच्या मागे राहिली पाहिजे. कानांत बोळे आणि डोळ्यांवर न फुटणाऱ्या काचांचा चष्मा असावा. जुन्या घडणीच्या चौकटीत अशा काचा बसवून घेता येतात, त्यामुळे वेशभूषेलाही बाध येत नाही.

बार झाल्यावर घोडा अर्ध्यावर घेऊन निपलमधून धुराची रेघ येते का, ते पाहावे. धूर नसेल तर बंदूक भरलेलीच आहे, असे मानावे. नळी सुरक्षित दिशेला, वर धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, तारेने निपलचे छिद्र मोकळे करावे आणि नवी केप लावावी. दोन-तीन केपांनंतरही बार उडाला नाही, तर दारूचा आणखी एक कणही न घालता रांगेतून मागे येऊन अधिकाऱ्याला कळवावे. यात कमीपणा नाही.

साठवण, प्रवास आणि सफाई

केपा मूळ डबीतच, कोरड्या आणि थंड जागी, दारूपासून वेगळ्या ठेवाव्यात. काचेच्या बरणीत शेकड्यांनी ओतून ठेवल्यास एका केपेचा भडका साऱ्यांना लागू शकतो. मैदानावर कमरेच्या चामडी बटव्यात त्या दिवसापुरत्याच केपा घ्याव्यात. या बटव्याला आतून मेंढीच्या लोकरीचे कातडे लावलेले असे, ते केपा सांडू नयेत म्हणूनच. अमेरिकेत विमानप्रवासात केपा आणि काळी दारू हातातील तसेच नोंदवलेल्या सामानातही नेण्यास मनाई आहे. त्यामुळे दूरच्या प्रयोगासाठी त्या त्याच ठिकाणी घेण्याची व्यवस्था आधीच करावी लागते.

केपांच्या धुरात शिशाचा अंश असू शकतो. म्हणून खाण्यापूर्वी हात धुवावेत. काळ्या दारूची राळ ओलावा शोषते, तेव्हा नळी आणि निपल त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा पातळ हात द्यावा. पुढच्या वेळी मात्र बार भरण्यापूर्वी हे तेल पुसून काढण्यास विसरू नये. पहिलाच बार फसण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी

ठासणीची बंदूक महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या संरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. परवान्याविना ती बाळगणे हा गुन्हा ठरतो. परदेशातील प्रयोगात भाग घेऊन परतणाऱ्याने आठवण म्हणून बंदूक किंवा केपांची डबी सामानात टाकण्याचा विचारही करू नये.

ऐतिहासिक नाटके व चित्रपट करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिवकाळातील बंदुका तोड्याच्या होत्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तोवरही फौजांच्या हाती केपेची बंदूक आलेली नव्हती. १८५७ चा उठाव मात्र केपेच्या काळातला. ज्या एन्फील्डच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, त्या बंदुकीचा घोडा केपेवरच आपटत असे. त्याआधीच्या कोणत्याही मराठी लढाईच्या दृश्यात केपेची मस्केट दिसली, तर ती काळाची चूक ठरते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी करावयाचे काम थोडके आहे. निपल तपासावी, केप बसवून पाहावी, डबीतील मूठभर केपा फोडून त्यांचा हिशोब ठेवावा. त्याला अर्धा तासही लागत नाही. दुसऱ्या दिवशी धुरात शेजारी उभा राहणारा माणूस आपले डोळे आणि चेहरा याच अर्ध्या तासाच्या हवाली करत असतो.